इंजिनातील टकटक आवाज (मालमोटार)

इंजिनातील टकटक आवाज म्हणजे चालू इंजिनातून ठरावीक लयीत येणारा, धातूवर धातू आपटल्यासारखा हलका किंवा जड ठोका होय. जुन्या मालमोटारींच्या (ट्रक) डिझेल इंजिनांत तो बहुधा झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणाऱ्या यंत्रणेतून येतो. त्यामुळे चालक आणि मिस्त्री त्याला सरसकट ‘टॅपेटचा आवाज’ म्हणतात. मात्र खराब नॉझल, गळका मॅनिफोल्ड, ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर आणि कनेक्टिंग रॉडचे झिजलेले बेअरिंग यांचे ठोकेही कानाला बरेचसे तसेच लागतात. टॅपेटची फट वाढली असेल तर तासाभराच्या कामात ती दुरुस्त होते. बेअरिंग गेले असेल आणि गाडी तशीच चालवली, तर रॉड तुटून इंजिनाचा ब्लॉक फुटू शकतो. आवाजाचे निदान आधी करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

या लेखातील वर्णन मुख्यतः ब्लॉकमध्ये कॅमशाफ्ट, पुशरॉड आणि यांत्रिक फ्युएल पंप असलेल्या इंजिनांना लागू पडते. भारतात या प्रकाराचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे टाटा ६९७ हे सहा सिलेंडरांचे इंजिन. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि जर्मनीतील डाइमलर-बेंझ यांच्यात १९५४ मध्ये सहकार्याचा करार झाला व तो १९६९ पर्यंत चालला. ६९७ ची रचना मर्सिडीज-बेंझच्या ओएम ३५२ या इंजिनाशी जुळते. दोन्हींमध्ये सिलेंडरचा व्यास ९७ मिमी, पिस्टनची धाव १२८ मिमी आणि एकूण घनफळ सुमारे ५,६७५ घन सेंमी आहे. ६९७ या आकड्यात सहा सिलेंडर आणि ९७ मिमी व्यास या दोन्ही गोष्टी आल्या आहेत. याच मापाच्या चार सिलेंडरी इंजिनाला ४९७ म्हणतात.

आवाज अचानक येण्याचे महत्त्व

टॅपेटची फट झिजेने वाढते आणि झीज सावकाश होते. काही हजार किलोमीटरांत आवाज हळूहळू चढत जातो व चालकाला त्याची सवयही होऊन जाते. याउलट काल नसलेला ठोका आज सकाळी, किंवा घाट चढताना मध्येच सुरू झाला, तर ते केवळ झिजेचे लक्षण मानता येत नाही. काहीतरी सैल झाले आहे, वाकले आहे, तुटले आहे, अडकले आहे, किंवा एखाद्या भागाला ऑइल मिळेनासे झाले आहे, असाच त्याचा अर्थ घ्यावा लागतो. जुन्या गाडीबाबत ‘वयोमानाने आवाज येतो’ असे म्हणून गप्प बसण्याची प्रवृत्ती असते. अचानक आलेल्या आवाजाबाबत हा तर्क चुकीचा आहे.

आवाज सुरू होण्याच्या आधी काय घडले, हा निदानातील पहिला प्रश्न होय. नुकतेच टॅपेट सेटिंग झाले असेल तर लॉकनट नीट न आवळल्याने समायोजन-स्क्रू फिरला असण्याची शक्यता मोठी असते. व्हॉल्व्ह कव्हर काढून बसवले असेल तर एखादा रॉकर कव्हरच्या पत्र्यालाच घासत किंवा आपटत असू शकतो. ऑइल व फिल्टर बदलल्यावर आवाज आला तर ऑइलची प्रत, पातळी आणि फिल्टरची बैठक तपासावी. अनोळखी पंपावर डिझेल भरल्यानंतर आला तर संशय नॉझलवर जातो. इंजिन एकदा खूप तापले होते आणि त्यानंतर ठोका सुरू झाला, तर झडप गाइडमध्ये अडकणे, पुशरॉड वाकणे आणि पिस्टन घासला जाणे या तिन्ही शक्यता पुढे येतात.

ऑइलची तपासणी

इतर काहीही करण्यापूर्वी इंजिन बंद करून ऑइलची पातळी पाहावी. गाडी सपाट जागेवर उभी असावी आणि इंजिन बंद करून काही मिनिटे गेलेली असावीत, म्हणजे वरचे ऑइल चेंबरमध्ये उतरते. पट्टीवरील पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर ऑइल भरावे, इंजिन स्लोवर चालू करावे आणि प्रेशर येते की नाही ते पाहावे. प्रेशर आले व आवाजही गेला तरी ऑइल कोठे गेले हा प्रश्न उरतोच.

पातळी वाढलेली आढळणे हे कमी असण्याइतकेच गंभीर आहे. ऑइलमध्ये डिझेल मिसळत असेल तर पातळी चढते, ऑइल पातळ होते आणि पट्टीला डिझेलचा वास येतो. पाणी मिसळले असेल तर ऑइल दुधट दिसते. दोन्ही परिस्थितींत ऑइलचा थर बेअरिंग तोलून धरण्याइतका जाड राहत नाही.

प्रेशर गेजचा काटा नेहमीपेक्षा खाली असेल किंवा इशारा देणारा दिवा पेटला असेल तर इंजिन तत्काळ बंद करावे. पुन्हा चालू करून आवाज ऐकण्याचा मोह टाळावा. गेज खोटे दाखवत असल्याचा संशय असल्यास इंजिनाच्या मुख्य ऑइलमार्गावर दुसरे, खात्रीचे गेज जोडून प्रेशर मोजतात. थंड इंजिनात ऑइल घट्ट असल्याने प्रेशर चांगले दिसते. खरी परीक्षा इंजिन गरम झाल्यावर, स्लोवर होते. प्रेशर कमी असण्याची कारणे चेंबरमधील जाळी गाळाने भरणे, पंप झिजणे, प्रेशर नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह उघडा राहणे किंवा बेअरिंगांची फट वाढणे ही असतात.

आवाजाची लय

चार धावांच्या इंजिनात क्रॅंकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालत असेल तर क्रॅंक सेकंदाला १० आणि कॅम ५ फेरे घेतो. एकाच टॅपेटचा आवाज त्यामुळे सेकंदाला पाच वेळा येतो. असे ठोके कानाला सुटे जाणवतात. क्रॅंकच्या वेगाने येणारे दहा ठोके एकमेकांत मिसळून खडखड ऐकू येते.

पाठ्यपुस्तकांत अर्ध्या वेगाचा ठोका वरच्या भागातला आणि पूर्ण वेगाचा ठोका खालच्या भागातला असा नियम दिलेला असतो. तो उपयोगी असला तरी डिझेल इंजिनात त्यावर पूर्ण विसंबता येत नाही. प्रत्येक सिलेंडरमध्ये डिझेलचे ज्वलनही क्रॅंकच्या दोन फेऱ्यांत एकदाच होते, म्हणून खराब नॉझलचा ठोका नेमक्या टॅपेटच्याच लयीत येतो. कनेक्टिंग रॉडचा ठोकाही ज्वलनाच्या धावेत सर्वांत मोठा असल्याने कधीकधी अर्ध्या वेगाचाच भासतो. लय ही केवळ दिशा दाखवते. खात्री पुढील दोन चाचण्यांनी करावी लागते.

जागा शोधणे

अनुभवी मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून ऐकतात. मिस्त्रीसाठी मिळणारा स्टेथोस्कोप हेच काम अधिक स्वच्छपणे करतो. आधी व्हॉल्व्ह कव्हर, मग प्रत्येक नॉझलचा बुंधा, ब्लॉकची बाजू, टायमिंग कव्हर, फ्युएल पंप, कॉम्प्रेसर आणि शेवटी चेंबर अशा क्रमाने ऐकल्यास आवाज कोठे तीव्र आहे ते समजते. धातूतून ध्वनी दूरवर जातो, त्यामुळे केवळ एका जागेवर ऐकून निष्कर्ष काढू नये. फिरता पंखा आणि पट्टे जवळच असल्याने सैल कपडे, गळ्यातील उपरणे किंवा मफलर काढून ठेवणे आवश्यक आहे.

तापमानाचाही पुरावा मिळतो. थंड इंजिनात येणारा आणि गरम झाल्यावर विरणारा ठोका मॅनिफोल्डच्या गळतीचा किंवा सिलेंडरमध्ये पिस्टन डुलण्याचा असू शकतो, कारण धातू प्रसरण पावल्यावर दोन्ही फटी मिटतात. गरम होत जाताना वाढणारा आवाज अधिक चिंताजनक समजतात. ऑइल पातळ झाल्याने बेअरिंगचा ठोका तेव्हाच उघडा पडतो.

एकेक सिलेंडर बंद करून पाहणे

इंजिन स्लोवर चालू ठेवून एका नॉझलकडे जाणाऱ्या पाइपचा नट पंपाच्या बाजूने किंचित सैल केला की त्या सिलेंडरला डिझेल मिळत नाही व तेथील ज्वलन थांबते. असे क्रमाने सहाही सिलेंडर तपासतात. एखादा सिलेंडर बंद केल्यावर ठोका पूर्ण गेला तर दोष ज्वलनाशी, म्हणजे बहुधा नॉझलशी संबंधित असतो. ठोका बराच मंदावला पण उरला, तर त्या सिलेंडरचे रॉड-बेअरिंग किंवा पिस्टन संशयित ठरतो, कारण त्यांच्यावरील भार कमी झालेला असतो. कोणताही सिलेंडर बंद केल्याने फरक पडला नाही, तर टॅपेट, रॉकर, टायमिंग गिअर किंवा इंजिनाबाहेरील जोडभागांकडे वळावे. गजन पिनचा ठोका दुहेरी असतो. सिलेंडर बंद केल्यावर तो कधीकधी अधिक स्पष्ट होतो.

ही चाचणी केवळ जुन्या यांत्रिक पंपांच्या इंजिनांवर करायची असते. त्यांतही नॉझल सुमारे २०० बार दाबाला उघडतो आणि इतक्या दाबाची डिझेलची धार त्वचेत शिरू शकते. हातमोजे व चष्मा वापरावा आणि गळती बोटाने चाचपू नये. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांत दाब १,००० बारच्याही वर जातो. तेथे चालू इंजिनाचा पाइप सैल करणे जिवावर बेतू शकते, म्हणून ती चाचणी संगणकीय उपकरणानेच करतात.

व्हॉल्व्ह यंत्रणेतील दोष

कॅमची उंचवटी टॅपेटला उचलते, टॅपेट पुशरॉडला आणि पुशरॉड रॉकरच्या एका टोकाला. रॉकरचे दुसरे टोक झडपेवर दाबले जाऊन ती उघडते. झडप तापल्यावर लांबते, म्हणून रॉकर आणि झडपेच्या दांड्यात थंड स्थितीत थोडी फट ठेवावी लागते. ओएम ३५२ कुळातील इंजिनांत ती इनलेटला ०.२० मिमी आणि एक्झॉस्टला ०.३० मिमी असते. इतर इंजिनांची मापे वेगळी असल्याने त्या त्या इंजिनाची पुस्तिका प्रमाण मानावी.

कव्हर काढून, इंजिन अगदी स्लोवर असताना प्रत्येक रॉकरखाली फिलर गेजचे पान सरकवून पाहणे ही जुनी व भरवशाची चाचणी आहे. ज्या रॉकरखाली पान घातल्यावर ठोका थांबतो, तो दोषी. याच वेळी प्रत्येक रॉकरमधून ऑइल पाझरते का, तेही दिसते. एखादाच रॉकर कोरडा असेल तर त्याचे भोक बुजले आहे. सगळेच कोरडे असतील तर शाफ्टला वर येणारा ऑइलचा मार्ग बंद आहे.

फट अचानक वाढण्याचे सर्वांत साधे कारण सैल लॉकनट हे होय. तो घट्ट असेल तर पुशरॉड काढून काचेवर किंवा सपाट फरशीवर लोळवून पाहतात. वाकलेला पुशरॉड डुलत जातो. पुशरॉड केवळ झिजेने वाकत नाही. झडप गाइडमध्ये अडकली असेल, किंवा उताराला चुकीच्या गिअरमुळे इंजिनाने मर्यादेपलीकडे रेस घेतली असेल, तर तो वाकतो. नवा पुशरॉड घालून मूळ कारण तसेच ठेवले तर तोही वाकतो.

पुशरॉड रॉकरच्या खोबणीतून निसटला तर ठोक्याबरोबर एक सिलेंडर ‘मिस’ होतो. एक्झॉस्टची झडप उघडत नसल्यास जळालेला वायू इनलेटकडून मागे फिरतो आणि एअर क्लीनरमध्ये फुसफुस ऐकू येते. इनलेटची उघडत नसल्यास त्या सिलेंडरला हवाच मिळत नाही आणि न जळलेल्या डिझेलचा पांढुरका धूर येतो. झडपेची स्प्रिंग तुटल्याचे दिसल्यास इंजिन पुन्हा चालू करू नये. झडप सिलेंडरमध्ये पडून पिस्टनवर आपटली तर पिस्टन, हेड आणि लायनर अशा तिन्हींचे नुकसान होते.

सेटिंग करूनही दोन-चार दिवसांत आवाज परत येत असेल तर टॅपेटचा तळ खरवडला गेला आहे किंवा कॅमची उंचवटी झिजली आहे असे समजावे. डायल गेज लावून त्या झडपेची उचल शेजारच्या सारख्याच झडपेशी ताडून पाहिल्यास हे सिद्ध होते. झिजेने रॉकरच्या तोंडाला खळगा पडला असेल तर फिलर गेजचे सपाट पान खळग्याच्या दोन कडांवरच टेकते. पान योग्य अडकले असे वाटते, प्रत्यक्षातली फट मात्र खळग्याच्या खोलीइतकी जास्त असते. ‘माप बरोबर आहे, तरी आवाज येतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा हा खळगा असतो.

फट मापापेक्षा कमी ठेवून आवाज ‘मारण्याची’ पद्धत काही ठिकाणी आढळते. ती घातक आहे. फट अपुरी असली तर तापलेली झडप आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही. एक्झॉस्ट झडपेची उष्णता मुख्यतः बैठकीवाटेच बाहेर पडत असल्याने ती झडप जळते, कॉम्प्रेशन जाते आणि हेड उतरवण्याची वेळ येते. किंचित वाजणारा टॅपेट त्यापेक्षा कमी नुकसानकारक असतो.

सहा सिलेंडरी इंजिनाचा ज्वलनक्रम १-५-३-६-२-४ असा असतो. १ व ६, २ व ५, ३ व ४ हे पिस्टन जोडीने वर येतात. सहाव्या सिलेंडरच्या दोन्ही झडपा एकाच वेळी हलू लागल्या (एक मिटत आणि दुसरी उघडत असते) की पहिल्याचे टॅपेट सेट करतात व याच न्यायाने पुढे जातात. हा मेळ चुकला तर उंचवटीवर चढलेल्या टॅपेटची फट मोजली जाते आणि सेटिंगनंतर आवाज वाढतो.

नॉझलचा ठोका

नॉझलची सुई कचऱ्याने अडकली किंवा तिची स्प्रिंग तुटली तर डिझेल धुक्यासारखे न उडता थेंबाथेंबाने पडते. ते एकदम पेट घेते व टणक, धारदार ठोका येतो. सोबत काळा धूर असतो. ६९७ सारख्या इंजिनावर पूर्ण खोलून काम केल्यानंतर आवाज नॉझलचाच होता असे लक्षात येणे, ही गराजांतील नेहमीची शोकांतिका आहे. नॉझल काढून हातपंपाच्या परीक्षकावर दाब व फवारा पाहणे याला फार वेळ लागत नाही. परीक्षक नसल्यास संशयित नॉझल दुसऱ्या सिलेंडरमध्ये बदलून पाहतात. आवाजही त्याच्याबरोबर गेला तर निदान पक्के झाले. पंपाचे टायमिंग पुढे सरकले असेल तर ठोके एका सिलेंडरचे न राहता सगळ्यांचे येतात.

नॉझलखालच्या तांब्याच्या वॉशरमधून कॉम्प्रेशन गळत असेल तर ‘चट-चट’ असा फुसका आवाज येतो आणि नॉझलभोवती काळा चिकट थर साचतो. हा ठोका नसून वायूचा झोत असतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा स्टड तुटला किंवा गॅस्केट जळाले तरी असाच आवाज येतो आणि जोडाशी काजळीची रेघ उमटते. या दोन्हींत बेअरिंगला धोका नाही. तरीही केबिनमध्ये धूर येत असेल तर गळती लांबणीवर टाकू नये.

इंजिनाबाहेरील आवाज

ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर हे लहान पिस्टन-यंत्रच असते आणि त्याचेही बेअरिंग, पिन व झडपा वाजतात. टाकी भरल्यावर गव्हर्नर हवा सोडतो व कॉम्प्रेसरवरील भार उतरतो. नेमक्या त्या क्षणी ठोक्याचा सूर बदलला तर दोष कॉम्प्रेसरचा आहे. ब्रेक दोन-चार वेळा दाबून टाकीतील हवा उतरवली की चाचणी पुन्हा करता येते, मात्र त्याआधी चाकांना उटी लावावी. याखेरीज सैल पुली, पंख्याचे बोल्ट, पंपाची कपलिंग आणि फ्लायव्हीलचे बोल्ट यांचेही ठोके येतात. क्लच दाबल्यावर आवाज बदलत असेल तर शोध मागच्या बाजूला, क्लच आणि क्रॅंकच्या थ्रस्ट बेअरिंगकडे न्यावा लागतो.

हायड्रॉलिक टॅपेट व इतर रचना

अमेरिकेतील जुन्या पेट्रोल पिकअप ट्रकांत, उदाहरणार्थ १९५५ पासूनच्या शेव्हरोले व्ही-८ कुळात, ऑइलच्या दाबाने फट आपोआप मिटवणारे हायड्रॉलिक टॅपेट पुष्कळ वापरले गेले. रात्रभर उभ्या गाडीत त्यांतील ऑइल उतरते, म्हणून सकाळी काही सेकंद टकटक होणे तेथे स्वाभाविक आहे. ती टिकून राहिली तर टॅपेटमध्ये गाळ अडकलेला असतो किंवा ऑइल कमी असते. तेथे फिलर गेजने फट मोजण्याचा प्रश्न येत नाही.

कमिन्सच्या ५.९ लिटर बी-मालिकेतील डिझेल इंजिन १९८९ पासून डॉज पिकअपमध्ये आले. त्याचे टॅपेट साधे असून फट इनलेटला ०.२५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.५१ मिमी असते. या इंजिनाच्या बारा झडपांच्या आवृत्तीत समोरच्या गिअर-पेटीतील एक लहान पोलादी खुंटी कंपनाने बाहेर सरकते हा बहुचर्चित दोष आहे. गिअरला लागून ती टिकटिकते आणि गिअरांत पडली तर पेटी फोडते. टॅपेट समजून दुर्लक्ष केलेला आवाज टायमिंग कव्हरमधला निघू शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय. भारतात बी-मालिकेची इंजिने जमशेदपूर येथील टाटा कमिन्सच्या कारखान्यात तयार होतात.

बेअरिंगचा ठोका

रॉड-बेअरिंगचा ठोका जड, खोलवरचा असतो व चेंबरपाशी स्पष्ट ऐकू येतो. रेस देऊन एकदम सोडल्यावर, भार बदलण्याच्या क्षणी, तो अधिक जाणवतो. मुख्य बेअरिंगचा आवाज त्याहून बोजड असून चढाला वाढतो. अशा वेळी गाडी ओढून नेणे हाच मार्ग उरतो, कारण चेंबर उघडून रॉडच्या टोप्या काढून पाहण्याचे काम रस्त्यावर होत असले तरी झिजलेल्या क्रॅंकवर केवळ नवे बेअरिंग टिकत नाही. क्रॅंकचे माप घ्यावे लागते आणि ते ओव्हल झाले असल्यास घासून कमी मापाचे बेअरिंग बसवावे लागते.

चेंबर उघडण्यापूर्वी फिल्टर कापून त्याचा कागद पसरून पाहिल्यास पुष्कळ समजते. चुंबकाला चिकटणारे कण कॅम, टॅपेट किंवा गिअरचे असतात. न चिकटणारे, तांबूस किंवा शिशासारखे चकचकीत कण बेअरिंगच्या थरातले. दोन्ही प्रकारचे कण नसतील आणि प्रेशरही योग्य असेल, तर आवाज कितीही भीतिदायक वाटला तरी खालचा भाग न खोलता पुन्हा नॉझल व रॉकरपासून तपासणी करणे श्रेयस्कर असते.